मुंबई कोकणात आहे

दादरहून सावंतवाडीची गाडी पकडणारा माणूस सहज म्हणतो, ‘कोकणात चाललोय.’ तेव्हा तो कोकणातच उभा असतो. कोकण विभागाचं आयुक्तालय बेलापूरला आहे आणि मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सात जिल्हे त्याच्याखाली येतात. हे सरकारी उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं, पटत मात्र कुणालाच नाही. मनातल्या नकाशावर कोकण पनवेल सोडल्यावर, कित्येकांच्या लेखी कशेडी घाट उतरल्यावर सुरू होतं. मुंबई नोकरीची, कोकण गणपतीचं.

या मनातल्या नकाशामुळे उत्तर कोकणातल्या माणसांचं फार नुकसान झालं आहे, आणि मुंबईत ‘इथला कोण’ हा वाद दर वेळी भलत्याच मुद्द्यांवर भरकटतो तोही त्यामुळेच. मुंबई सांस्कृतिक अर्थानेही कोकणात आहे. हे एकदा मान्य केलं की त्या वादातले बरेच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावे लागतात.

हा नकाशा तयार कसा झाला ते आधी पाहू. सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत, रत्नागिरी हा एकच मोठा जिल्हा होता आणि गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात मुंबईला सर्वांत जास्त माणसं त्याने पुरवली. लालबाग-परळच्या चाळींत गावमंडळाच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत गावचे पंधरा-वीस बाप्ये पाळीपाळीने झोपत आणि मनीऑर्डर गावी जाई. साहजिकच ‘कोकण’ म्हणजे आईवडील आणि देव जिथे आहेत ते दूरचं गाव झालं. मग कोकण रेल्वे आली. तिचा स्वतःचा ७४१ किलोमीटरचा मार्ग रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत आहे. रोह्याच्या अलीकडचे रूळ मध्य रेल्वेचे. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाल्यावर वाढलेल्या पिढीच्या डोक्यात कोकणाचा उंबरठा रोह्याला पक्का झाला. रेल्वेच्या दोन कारभारांमधली हद्द प्रदेशाची हद्द होऊन बसली.

सांस्कृतिक सीमा काढताना पहिलं पथ्य असं, की एकाच खुणेवर विसंबू नये. नुसती भाषा घेतली तर जनगणनेच्या रकान्यात अडकायला होतं, नुसतं आडनाव घेतलं तर जातीत. ज्या खुणेमागे जमिनीचं किंवा पाण्याचं कारण आहे ती आधी घ्यावी, कारण ती कुणाच्या मर्जीने सरकत नाही. अशा आठ-दहा खुणांच्या रेषा एकाच नकाशावर काढायच्या. जिथे पुष्कळ रेषा एकत्र येतात तिथे सीमा ठळक, आणि जिथे त्या विखुरतात तो संक्रमणाचा पट्टा. तिथे एकच रेघ मारायचा हट्ट धरला की ती हमखास चुकते.

कोकणात यातली सर्वांत बोलकी खूण भरतीची आहे. खंबायतच्या आखातात पाणी प्रचंड चढतं-उतरतं आणि दक्षिणेकडे येताना हा फरक कमी होत जातो. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. मालवणला पोहोचेपर्यंत ती जवळपास निम्म्यावर येते. मासेमारीची सगळी रीत यावर ठरते. वेसावे, मढ, गोराई, उत्तन, अर्नाळा इथलं खास जाळं म्हणजे डोल. ही एक लांबलचक पिशवी. तोंड रुंद, आणि शेपटाकडे जाळ्याचे डोळे बारीक बारीक होत जातात. समुद्रतळात ठोकलेल्या खुंटांना ती बांधून तोंड प्रवाहाकडे ठेवायचं. माशांचा पाठलाग कुणी करत नाही, पाणीच त्यांना आत लोटतं. पाणी थांबलं की जाळं वर घ्यायचं. उशीर झाला आणि प्रवाह फिरला तर आलेली मासळी निघून जाते आणि जाळं स्वतःभोवती गुंडाळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते तेव्हा डोल भरते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, प्रवाह मंदावतो आणि हातात फार काही येत नाही. म्हणून कोळीवाड्यातला आठवडा तिथीवर चालतो. लग्नं, दुरुस्त्या, बाजारहाट भांगाच्या दिवसांत उरकतात. डोलीत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली येते. यातला बराचसा माल नाजूक आणि पटकन उतरणारा, त्यामुळे सुकवणं आलं, सुकवण्यासाठी उघडी जागा आली, बांबूच्या वलांड्या आल्या आणि सुक्याचा बाजारही आला.

मालवणकडे हे चित्र बदलतं. तिथे ओढ कमी आणि वाळूचे किनारे सलग. तिथली जुनी रीत रापणीची. होडीने अर्धगोल फिरवून जाळं टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नासेक माणसांनी ओढायची, आणि मिळालेल्या बांगडा-तारलीचे वाटे करायचे. बोंबील हा तिकडे मुख्य मासा नाही. डोल आणि रापण यांच्यामधली रेषा कोकणाच्या आतूनच जाते, साधारण रत्नागिरी जिल्ह्यातून. कोकणाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन अर्धे आहेत आणि मुंबई त्यातल्या उत्तरेकडच्या अर्ध्यात अगदी मधोमध बसते, असा याचा अर्थ.

इतर रेषाही थोड्या इकडे-तिकडे हेच सांगतात. दक्षिणेकडे जांभ्याचा सडा आणि चिऱ्याची घरं. उत्तरेकडे काळा दगड आणि गाळाची खाजणं. दक्षिणेच्या कालवणाला कोकमाची आमसुलं आणि बांगड्याला तिरफळं. उत्तरेच्या कोळी-आगरी कालवणाला चिंच. दक्षिणेला दशावतार, रत्नागिरीत नमन-खेळे आणि जाखडी, पालघरच्या डोंगरपट्ट्यात तारपा. यांतली एकही रेषा मुंबईला कोकणाबाहेर ढकलत नाही. उलट बोलीभाषांकडे पाहिलं तर दोन्ही अर्धे जोडलेले दिसतात. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली छापलेल्या सातव्या खंडात दमणपासून थेट रत्नागिरी जिल्ह्यापर्यंतची मराठी कोकणची म्हणून एका गटात घेतली आहे, आणि कोळी, आगरी, भंडारी, किरिस्ताव, संगमेश्वरी, बाणकोटी या बोली त्या एकाच गटात आहेत. वेसाव्याची बोली आणि बाणकोटची बोली या एकाच साखळीच्या कड्या आहेत. पुण्याची मराठी त्या साखळीत नाही.

पूर्वेची सीमा मात्र ठळक आहे. सह्याद्रीपाशी पाऊस, नद्यांची दिशा, पीक, घरांचं छप्पर आणि बोली या सगळ्यांच्या रेषा एकवटतात. मुंबईची लोकल याच रेषेशी थांबते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मध्य रेल्वेची लोकल एका फाट्यावर कसाऱ्याला आणि दुसऱ्यावर कर्जत-खोपोलीला संपते, म्हणजे थळ घाट आणि बोर घाट यांच्या पायथ्याशी. पश्चिमेची २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते, हार्बर पनवेलला टेकते आणि २०२४ पासून उरणलाही लोकल पोहोचली. कारण अभियांत्रिकीचं आहे. बोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये आणि थळ घाटाचा १८६५ मध्ये खुला झाला तेव्हापासून तिथला चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर अंतरात एक मीटर, असा आहे. गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात आणि थांबत-थांबत धावणाऱ्या लोकलला तो परवडत नाही. पण परिणाम असा, की रोज लोकलने ये-जा करणाऱ्यांचा नकाशा आणि उत्तर कोकणाचा नकाशा जवळजवळ तोच आहे. बदलापूरहून परळला कामाला येणारी बाई कोकणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे येते, कोकणाबाहेर पाऊलही न टाकता.

उत्तरेची सीमा विरळ आहे. १९६० साली उंबरगाव तालुक्यातला भाग गुजरातेत गेला, पण रेघेच्या दोन्ही बाजूंना वारली घरं आहेत आणि दोन्हीकडे तारपा वाजतो. तिथे संक्रमणाचा पट्टाच मानावा.

मुंबई हे इंग्रजांनी शून्यातून उभारलेलं शहर, त्याला कसलं कोकण, असा युक्तिवाद होतो. बंदर, गिरण्या, कचेऱ्या यांच्यापुरता तो खरा आहे. पण शिलाहारांच्या उत्तर शाखेची सत्ता ठाण्याहून चाले आणि त्यांच्या लेखांत या प्रदेशाला कोकणच म्हटलं आहे. अंबरनाथचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं. परळला सापडलेल्या १२व्या शतकातल्या शिलालेखाच्या अखेरीची शापवाणी मराठीत आहे. लेखातली आज्ञा मोडणाऱ्याला धाक बसावा म्हणून घातलेला मजकूर लोकांना कळेल त्याच भाषेत असणार, त्यामुळे हा पुरावा मला दरबारी प्रशस्तीपेक्षा मोलाचा वाटतो. शहराची हद्दही अगदी अलीकडे वाढत गेली आहे. मुंबई बेटाला साष्टी बेटाशी जोडणारा माहीमचा कॉजवे १८४५ चा. १९५० आणि १९५७ मध्ये पालिकेची हद्द वाढवत दहिसर-मुलुंडपर्यंत नेली, तोवर ही सगळी साष्टीतली गावं होती. दहिसरच्या शेतकऱ्याने जागा सोडली नाही. शहरच त्याच्या शेतात आलं.

१९४८ मध्ये भाषावार प्रांतांसाठी नेमलेल्या दार आयोगापुढे हाच वाद होता. मराठी भाषकांचं प्रमाण शहरात निम्म्याहून कमी, म्हणून मुंबई महाराष्ट्राची नव्हे, असं म्हटलं जात होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयोगाला दिलेल्या निवेदनात दमण ते कारवार या किनाऱ्याचा भूगोल पुढे ठेवला: मुंबई या सलग पट्ट्याच्या आत आहे, साष्टी आणि ठाण्यापासून तिला तोडता येत नाही. माणसं मोजून प्रदेश ठरवणाऱ्यांना दिलेलं हे उत्तर आजही तितकंच भक्कम आहे, कारण बंदराच्या शहरात डोकी मोजून काढलेला निष्कर्ष दर दहा वर्षांनी बदलतो. शिवाय मोजणीचे रकानेही वाटतात तितके निर्मळ नसतात. जनगणनेच्या भाषातक्त्यात मालवणी कोकणीखाली जाते आणि कोळी मराठीखाली. घरात मालवणी बोलणारं भांडुपचं कुटुंब मातृभाषा काय सांगतं यावर मराठीचा आकडा हलतो.

मग इथला कोण? कोकणाच्या कसोटीने पाहिलं तर पहिली गोष्ट ही, की धर्म इथे सीमा ठरवत नाही. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आलेल्यांचे वंशज अशी बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा आहे. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. दिवेकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावं. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं, सॅम्युएल दिवेकरांनी मांडवीत उभारलेलं, आणि त्यांची कीर्तनं मराठीत झाली. पारकर, मुकादम, सारंग, नाखवा ही कोकणी मुसलमानांची आडनावं आहेत. त्यांतली अर्धी जहाजावरच्या हुद्द्यांची. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती गावांत पोर्तुगीज काळात धर्म बदलला, पण शेत, विहीर आणि बोली तीच राहिली. याच समाजाने १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नाशीच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, रेल्वे आणि बंदराच्या कामासाठी येणाऱ्या गोवेकर-मंगळूरकर ख्रिस्त्यांपासून आपलं वेगळेपण दिसावं म्हणून. वांद्रे, कुर्ला, मरोळ, गोराईच्या गावठाणांत क्रूस आजही गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. यांना परके समजणाऱ्याने स्वतःचा मराठी बाणा तपासून पाहावा.

दुसरी गोष्ट आमच्या दक्षिणेकडच्या बांधवांना कदाचित रुचणार नाही. गिरणगावाने मुंबईचा मराठी माणूस कसा असतो याचं एक चित्र दिलं, आणि ते चाकरमान्याचं होतं. त्या माणसाचं शहरावर अफाट ऋण आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कोकणी जेवण म्हटलं की मालवणी ताट, कोकणी लोककला म्हटलं की दशावतार, कोकणी माणूस म्हटलं की सुट्टीत गावी जाणारा, हे समीकरण झालं आणि ज्यांचं गाव इथेच होतं ते आगरी, कोळी, भंडारी, पाचकळशी, कुपारी, वारली मागे ढकलले गेले. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. तळकोकणात असं काही झालं असतं तर ‘कोकणावरचा अन्याय’ म्हणून त्याची नोंद झाली असती. इथे ते ‘प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न’ म्हणून फाइलबंद झालं.

तिसरी गोष्ट नंतर आलेल्यांची. मुंबईला कोकणात मोजलं की बाहेरच्यांना हाकलायला आणखी एक काठी मिळेल, अशी भीती काहींना वाटते. इतिहास उलट आहे. सोपारा, कल्याण, चौल, ठाणे, दाभोळ ही कोकणची बंदरं, आणि बंदरात परक्याला जागा देणं हा कोकणाचा जुना धंदा आहे. तो देताना कोकणाने एक अट मात्र घातली: चारचौघांत इथली भाषा. शनवार तेल्याने ती पाळली, सारंगांनी पाळली, साताऱ्या-कोल्हापूरहून येऊन ओझी वाहणाऱ्या माथाड्यांच्या मुलांनीही पाळली. आज उत्तरेतून किंवा दक्षिणेतून आलेल्या माणसाकडून यापेक्षा जास्त मागू नये आणि कमीवर समाधानही मानू नये. घरात तो काय बोलतो हा त्याचा प्रश्न. भाजीबाजार, शाळेची पालकसभा, सोसायटीची नोटीस, पोलीस चौकी ही मराठीची जागा. आणि ती मराठी शिकवण्याची सोय आपण केली पाहिजे. फक्त दटावून आजवर कुणी भाषा शिकलेला नाही.

सरकारकडे मात्र आपलेपणाची एकच पट्टी आहे, तारखेची. अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षं, झोपडपट्टी पुनर्वसनाला आधी १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २०००. सवलत कुणाला द्यायची हे ठरवायला तारीख लागतेच, त्याला हरकत नाही. पण हीच पट्टी कोळीवाड्याला लावली की अनर्थ होतो. मुंबईतल्या काही कोळीवाड्यांचे भाग झोपडपट्टी म्हणून नोंदले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलेल्या घराला पात्रतेचे पुरावे गोळा करत फिरावं लागलं.

मनातला नकाशा सुधारला तर दोन ठिकाणी ताबडतोब फरक पडेल. पहिलं पाण्याचं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी शहरात आहेत. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा हे सगळे बाहेरचे, आणि एकटा भातसा निम्म्याच्या आसपास पाणी देतो. तो शहापूर तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. शहापूर ‘बाहेर’ आहे असं मानलं की हे सहन होतं. शहापूर आणि शीव एकाच प्रदेशात आहेत असं मानलं तर धरणाच्या कुशीतल्या पाड्यांना आधी नळ, मग शहराला वाढीव पाणी, हा क्रम मागावा लागेल. सरासरीचंही तसंच आहे. कोकण विभागाचं दरडोई उत्पन्न मुंबई धरून काढलं की जव्हार-मोखाडा त्यात बुडून जातात. मुंबई वगळून काढलं की ज्या पाड्यांच्या पाण्यावर आणि मजुरीवर मुंबई उभी आहे त्यांचं तिच्याशी असलेलं नातंच पुसलं जातं. आकडे तालुकावार छापावेत, दोन्ही अडचणी सुटतात.

दुसरं ठिकाण कोळीवाड्यांच्या सीमांकनाचं. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईतले कोळीवाडे मोजून नकाशावर आणावेत असं स्पष्ट म्हटलं होतं. मोजणी होते तेव्हा घरं मोजली जातात, कारण मालमत्ता पत्रक घराचं असतं. वलांड्यांची जागा, होड्या ओढून ठेवायची वाळू, जाळी विणायचं आणि सुकवायचं अंगण, बंदरावर उतरायची वाट यांची पत्रकं कुणाच्याच नावावर नसतात. त्या सरकारी पड जमिनी म्हणून कागदावर येतात आणि पुढे रस्त्याला, उद्यानाला किंवा इमारतीला मोकळ्या सापडतात. डोलीचा धंदा सुकवण्याच्या जागेशिवाय चालत नाही, त्यामुळे घरं राखूनही कोळीवाडा मरतो. म्हणून मोजणी पावसाळा संपल्यावर, मासळी वाळत असताना व्हावी. मोजणीदाराबरोबर मच्छीमार सोसायटीचा माणूस आणि मासळी सुकवणाऱ्या बायका असाव्यात, कारण कुठली जागा कुणाची आणि कधीची हे त्यांनाच नेमकं माहीत असतं. जुने गावनकाशे आणि हवाई छायाचित्रं शेजारी ठेवावीत. सामूहिक वापराची प्रत्येक जागा घरांच्याच रंगात, कोळीवाड्याच्या हद्दीच्या आत दाखवावी, आणि तो नकाशा अंतिम होण्यापूर्वी कोळीवाड्याच्या चौकात मराठीत लावून हरकतींना किमान दोन महिने, म्हणजे चार उधाणं, द्यावीत.